मधली नळी

नगर,
२८ जुलै १९७४

गहिनीनाथ यास,

परवा कोल्हारला बाजरी पेरताना आपल्या पाभरीची मधली नळी तुंबली. पाभरीमागे मी स्वतः चालत होते आणि मला ते कळले नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आठ महिन्यांत मी तुला लिहिले नाही, तूही लिहिले नाहीस. अकोले येथला तुझा पत्ता बन्सीकडून घेतला. तू तिथे दारांच्या चौकटी करतोस असे तो म्हणाला. त्याविषयी मला काही म्हणायचे होते, पण तो अधिकार आता मला नाही.

घडले ते असे. कोल्हारला माझ्या मावसभावाचे नदीकाठचे रान आहे, काळे आणि जड. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. कारखान्यातून नवी पाभर नेली. तिची जुळणी बन्सीने केली होती आणि एकेक बोल्ट मी स्वतः तपासला होता. बैल हाकायला भावाचा गडी छगन होता. या बांधापासून त्या बांधापर्यंतची पहिली चार तासे बरी गेली. पाचव्याला बांधाशी वळताना बैल पाऊलभर मागे सरले. छगनने त्यांना पुन्हा पुढे घातले आणि आम्ही चालू लागलो. चाक फिरत होते, बी सोडणारी चकती फिरत होती, पेटीतले बी कमी होत होते. सगळे ठीक आहे असे मी समजले.

आणखी सात तासे झाल्यावर छगनची बायको भामाबाई भाकरी घेऊन आली. तिने सहज पायाच्या बोटाने माती उकरली, मग बसून हाताने उकरली आणि म्हणाली, "बाई, मधल्या वळीत दानाच न्हाई."

नळी काढून पाहिली. तोंडाशी तीन बोटे मातीचा गट्टू आणि त्याच्यावर बाजरी ठासून भरलेली. बाहेरून लोखंडी नळी जशीच्या तशी.

म्हणजे गेल्या वर्षीही दोष जुळणीचा नव्हता. गेल्या रब्बीत खर्ड्याजवळच्या तुमच्या वाडीत सहा पाभरी गेल्या. दुष्काळानंतरची ती पहिली रब्बीची ओल होती. पाच रानांत तीन ओळींतली मधली ओळ मोकळी उगवली. शेतकरी सहकारी संघाच्या चौकशीत अध्यक्ष उत्तमरावांनी चूक कोणाची असे विचारले, तेव्हा मी सांगितले, "जुळणीत दोष राहिला. जुळणी गहिनीनाथकडे होती." तू समोर उभा होतास. दुसऱ्या दिवशी तुझी हत्यारांची पेटी जागेवर नव्हती.

त्या वेळी माझी तशीच समजूत होती. ओल्या मातीत असे होईल हे आपल्यापैकी कुणाच्याच लक्षात आले नव्हते.

एकदा येऊन नळी पाहून जा. मी ती तशीच ठेवली आहे.

पुष्पावती


नगर,
९ ऑगस्ट १९७४

गहिनीनाथ यास,

तुझे कार्ड मिळाले. "बाई, कुणाच्या लक्षात आलं न्हाई असं लिहू नका. आईच्या आलं हुतं. ती बोलली अन् तुमी वहीत लिहून घेतलं. ते पान कुठं हाय?" एवढेच. खाली सहीसुद्धा नाही.

वही काढून पाहिली. निळ्या पुठ्ठ्याची, जानेवारी ते मे १९७३ ची. १४ मेचे पान त्यात नाही.

वही उघडली तेव्हा बाकीची पानेही वाचली. त्यातले काही लिहिते. तू म्हणशील, तुला ठाऊक असलेलेच सांगते आहे. असू दे.

फेब्रुवारीत तुझ्या आईला आपण नगरला आणले. मी त्या वेळी मोठ्या तोऱ्यात म्हटले होते की नवी पाभर कागदावर काढायची नाही. आधी उत्तम पेरणाऱ्या हाताचा अभ्यास करायचा आणि मग तो हात यंत्रात उतरवायचा. पदवी घेऊन बत्तीस वर्षे झाल्यावर मला सुचलेली ती एकच नवी गोष्ट होती. हात कुणाचा हे तू सांगितलेस. तुझे आजोबा पाभरी करायचे, त्या चालवून पाहायच्या त्या तुझ्या आईने, राहीबाईंनी, आणि वाडीतली निम्मी रानेही त्यांच्याच मुठीने पेरली जायची.

कारखान्याच्या आवारात ओली माती करायला पाणी कुठून आणणार होतो? प्यायला टँकर येत होता. म्हणून गोणपाटाच्या शंभर फुटी पट्ट्यांना ग्रीस फासले, म्हणजे दाणा पडेल तिथे चिकटेल. तू आणि बन्सी जुन्या पाभरीच्या जुवाला लागलात. तुझ्या आईने ओटीत ज्वारी घेतली, नळ्यांवरच्या चाड्याच्या तोंडावर मूठ धरली आणि तुम्हा दोघांकडे पाहून म्हणाली, "हे बैल बरे हायेत बाई. कडबा मागत न्हाईत, निस्ता च्या मागत्यात."

आपण दाणे मोजले. प्रत्येक नळीखाली फुटाला तीन-साडेतीन. शंभर फुटांत तिन्ही ओळींत पाच-सहा दाण्यांचा फरक. मी पुन्हा पेरायला लावले, तरी तेच. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पोरीच्या लग्नाला बी येवढं पारखत न्हाईत." तिच्या मुठीवरून तू चकतीची भोके कापलीस, सव्वीस चकत्या वाया घालवून. सत्ताविसावी बसली.

आणि सलाइनच्या नळीचेही लिहिते, कारण तेही वहीत आहे. मार्चमध्ये राहीबाई दवाखान्यात होत्या. तू उशाशी बसून थेंब मोजत होतास. तिसऱ्या दिवशी धुतलेला दीड फूट तुकडा घेऊन माझ्या टेबलापाशी आलास. "बाई, ह्याच्यातनं थेंब दिसतो, मग दाना का नाय दिसायचा?" वहीत मी लिहिले आहे: 'प्लास्टिकची सूचना. नामंजूर. शेतकरी खेळणे समजेल.' त्यावर तारीखही घातली आहे. माझ्या वडिलांचा कारखाना लोखंडाचा. प्लास्टिकला मी वस्तूच मानत नव्हते.

२० मेला प्रात्यक्षिक झाले, तेही धुळीत. फोटोसाठी मी तुझ्या आईला पाभरीपुढे पूजेचे ताट घेऊन उभे केले आणि मागे दांडीला हात लावून स्वतः उभी राहिले. छापील पत्रकावर तोच फोटो आहे. ज्या हातावरून पाभर झाली तो हात त्यात कुंकू लावतो आहे.

जूनमध्ये पाऊस पडला. तू म्हणालास, एकदा ओल्या रानात चालवून पाहू, मग सहा पाभरी जोडू. मी म्हटले, पत्रके वाटली आहेत, नावे नोंदली आहेत, वेळ नाही. चार दिवस पुरले असते.

पुष्पावती


नगर,
२१ ऑगस्ट १९७४

गहिनीनाथ यास,

तुझे आणखी एक कार्ड आले. त्यावर एकच ओळ. "पानाचं विचारलं हुतं."

पान माझ्याकडे आहे.

गेल्या पत्रात मी 'त्यात नाही' असे लिहिले. ते खरे होते, आणि ते लिहून मी तुला फसवत होते. नोव्हेंबरमध्ये संघाने वही मागवली. आदल्या दुपारी मी ते पान काढले. फाडले नाही, ब्लेडने कापले, शिवणीत टोक राहू नये म्हणून. माझ्या कॉलेजच्या लॉगरिथमच्या पुस्तकात ते नऊ महिने आहे. जाळता आले असते. जाळले नाही याचे श्रेय मला नको.

पान उतरवून देते.

'१४ मे १९७३. राहीबाई नव्या पाभरीमागे आठ तासे चालल्या. म्हणाल्या, "धुळीत काय बी पेरलं जातं. वल असली अन् बैल मागं सरलं की फणात माती भरती. चाड्यावर माझा हात असतो, कान असतो. वेळूच्या नळीत दाना वाजतो. एक नळी मुकी झाली की मी बैल थांबविते. ह्या लोखंडात चाकाचाच खडखडाट. तुमच्या पेटीला कान कुठंय बाई?" शंका रास्त. ओल्या जमिनीत चाचणी आवश्यक.'

खाली माझी सही आहे. 'शंका रास्त' हे शब्द माझे आहेत. तेव्हा मला कळले नव्हते असे मी पुन्हा कुणालाही सांगू शकत नाही. मी तिची मूठ मोजली आणि तिचे ऐकणे सोडून दिले, कारण ते मला मोजता येत नव्हते. हा अभ्यासातला दोष झाला. त्याची मला लाज वाटते, पण तो माणसाकडून होतो. ब्लेड घेतले ते मात्र दोषाने घेतले नाही, मी घेतले.

काल बन्सीला विचारले, वाडीत काय चालले आहे. तो सांगायला तयार नव्हता. मी रागावले तेव्हा बोलला. गेल्या वर्षी ज्यांचे रान मोकळे उगवले ते रंभाजी पारावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माय मूठ मोजून द्येती, पोरगा यंत्र करतो, अन् आमच्या रानात मधी मोकळी वाट." तेव्हापासून तुझ्या आईला कुणी चाड्यावर बोलावत नाही. यंदाची बाजरी तिच्याशिवाय पेरली गेली. पेरणीच्या दिवसांत ती दार लावून घरात बसली होती, असे बन्सी म्हणाला. तू हे मला कधी लिहिले नाहीस.

आता दुसरी गोष्ट. संघाला दोनशे पाभरी हव्या आहेत. त्याआधी त्यांना माझ्या सहीचे निवेदन पाहिजे की गेल्या वर्षीचा दोष जुळणीचा होता आणि तो माणूस आता कामावर नाही. मुदत ३१ ऑगस्ट. काल उत्तमराव स्वतः आले होते. चहा अर्धा ठेवून म्हणाले, "बाई, एक सही तर आहे. माणूस बदलला, विषय संपला."

मी विचारले, "आणि याही तुंबल्या तर?"

"तर जुळणी." ते हसले आणि दाराबाहेर पाहून म्हणाले, "बन्सी हाय की तुमच्याकडं."

बन्सी बाहेर कानशीने फण घासत होता. त्याने वर पाहिले नाही, पण त्याचा हात थांबला. उत्तमराव वाईट माणूस नाहीत. ही वाट त्यांना मीच दाखवली आहे.

कागद टेबलावर आहे. अजून सही केलेली नाही.

पुष्पावती


नगर,
२ सप्टेंबर १९७४

गहिनीनाथ यास,

३० तारखेला निवेदन पाठवले, संघाने दिलेले नव्हे, मी लिहिलेले. गेल्या रब्बीतला दोष रचनेचा होता. तो राहीबाई राऊत यांनी चार महिने आधी दाखवून दिला होता. त्यावरचा उपाय गहिनीनाथ राऊत यांनी त्याच्याही आधी सुचवला होता. दोन्ही मी डावलले आणि चौकशीत खोटे सांगितले. सोबत पानाची नक्कल जोडली. काल उत्तर आले. दोनशे पाभरींचे काम दुसऱ्या कारखान्याला गेले. कारखान्यातल्या माणसांना मी बसवून सगळे सांगितले. सुटीच्या भोंग्यानंतर बन्सी एकटा थांबला आणि म्हणाला, "बाई, आता प्लास्टिक आणायचं का?"

प्लास्टिक मी आधीच मागवले होते. तुझे चित्राचे वेगळे कार्ड १२ ऑगस्टच्या टपालाने आले, त्याच दिवशी मुंबईला लिहिले. हे मागच्या पत्रात सांगितले नाही, कारण पानाचे सांगायच्या आधी नळीचे सांगितले असते तर ते बढाईसारखे झाले असते. कार्डावर एक अक्षर नव्हते, फक्त पेन्सिलीचे चित्र. नळ्या पेटीखालून सरळ खाली न नेता मागे वळवून छातीच्या उंचीला आणलेल्या, तिन्ही शेजारी शेजारी, आणि मग फणाकडे उतरवलेल्या. फणातले तोंड मागच्या बाजूला तिरके कापलेले. मी एवढी वर्षे बैल हाकणाऱ्याच्या बाजूने विचार करत होते, कारण पाभर विकत घ्यायला तो येतो. तुझ्या चित्रात पाभरीमागे चालणारी आकृती आहे आणि तिच्या डोक्यावर पदर आहे.

आवारात चार पिंपे पाणी ओतून चिखल केला. या वर्षी पाणी आहे. बैल आणले आणि मुद्दाम मागे सरकवले, अकरा वेळा. तिरक्या तोंडामुळे नळी तीनदाच तुंबली. तिन्ही वेळा दाणे नळीत उभे राहिलेले दोन पावलांत दिसले. मागे साळूबाई चालत होती, आपल्या आवारात झाडलोट करणारी. तिला आधी काही सांगितले नव्हते. ती एकदम ओरडली, "अगं बया, मधली थांबली!"

पस्तीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा उत्तर जुळले होते तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. आज तसे काही झाले नाही. पुढच्याच क्षणी मनात आले की हा चिखल गेल्या वर्षीच्या जूनमध्ये करता आला असता.

वाडीतल्या सहा पाभरींच्या नळ्या पेरणीआधी बदलायच्या आहेत. मी १५ तारखेला बन्सीला घेऊन स्वतः जाते. तुझ्या आईला भेटेन. तू येऊ नकोस असे मी म्हणत नाही, ये असेही म्हणत नाही. तिथे जे होईल त्याची नोंद तुला पाठवीन.

पुष्पावती


नोंद

मुक्काम खर्ड्याजवळची वाडी, १५ सप्टेंबर १९७४. जागा: मारुतीचा पार.

देणार: पुष्पावती, कारखान्याची मालक. घेणार: राहीबाई सहादेव राऊत, स्वतःसाठी आणि मुलगा गहिनीनाथ, मुक्काम अकोले, याच्यासाठी. साक्षीदार: बन्सी व रंभाजी.

१. वहीचे १४ मे १९७३ चे पान, मूळ. बन्सीने मोठ्याने वाचले. 'शंका रास्त' पुन्हा वाचायला राहीबाईंनी सांगितले. पुन्हा वाचले. राहीबाई म्हणाल्या, "म्हंजी तवाच पटलं हुतं." मी हो म्हटले. पान त्यांनी घडी घालून कनवटीला लावले.

२. संघाला पाठवलेल्या निवेदनाची प्रत, एक.

३. पाभरीचे मूळ आराखडे, सात. कोपऱ्यातले माझे नाव खोडून 'रचना: गहिनीनाथ सहादेव राऊत. मूठ व तपासणी: राहीबाई सहादेव राऊत' असे लिहून दिले.

४. पारदर्शक नळ्यांचे सहा संच, तिरक्या तोंडाच्या फणांसह. बन्सीने दिवसभरात सहाही पाभरींना बसवले. संध्याकाळी रंभाजींच्या पाभरीमागे राहीबाई ओल्या रानात चार तासे चालल्या. म्हणाल्या, "वाजत न्हाई. पर दिसतंय. म्हातारपणी कान गेला तर उपेगी पडंल."

५. सागवानी दांडीचा गुण्या (काटकोन तपासण्याचा), गहिनीनाथचा, कारखान्यात राहिलेला. तेल लावून दिला.

६. राहीबाईंना लिहिलेले माझे माफीचे पत्र. घेतले नाही. म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. पोराला लिहिलं ते पोराला. माझं काय ते हितं उभं ऱ्हाऊन म्हना." पारावर तीसेक माणसे होती. मी उभी राहून म्हटले. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं म्हना बाई, रंभाजीला कमी ऐकू येतं." पुन्हा मोठ्याने म्हटले. पत्र मी परत आणले आहे.

यानंतर रंभाजींनी राहीबाईंना विचारले, "म्हातारे, मंगळवारी आमच्या रानात येशील का मागं?"

"तुझं बैल अजून मागं सरत्यात का?"

"सरत्यात."

"मग आल्याबिगर भागतंय व्हय."

७. मला मिळाले: गेल्या वर्षीच्या पाभरीची लोखंडी मधली नळी, एक. राहीबाईंनी ती आढ्याला खोचून ठेवली होती. तोंडाशी मातीचा वाळलेला गट्टू, त्यावर ज्वारी. काही दाणे आतच मोड येऊन वाळले आहेत. दाणे मोजून घ्या असे त्या म्हणाल्या. पारावर बसून मोजले. दोनशे एकोणीस.

वरील वस्तू मिळाल्या. राहीबाई, डाव्या हाताचा अंगठा.

गहिनीनाथने कामावर परत यावे का, याविषयी मी काही विचारले नाही, काही ठरले नाही. त्याचा गुण्या घरात ठेवावा की अकोल्याला पाठवावा, हे त्याची आई ठरवील.

ही नोंद दोन प्रतींत. एक अकोल्यास रवाना. गहिनीनाथच्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे. परत पाठवण्याची मुदत घातलेली नाही.

पुष्पावती